घोडा नसलेल्यांचे बूट

टेक्सासातल्या एल पासोत लुकेसी कंपनी काउबॉय बूट शिवते. घराणं 1883 चं, मूळ सॅन अँटोनियोचं. तळव्यात लाकडी खुंट्या ठोकतात. ओल लागली की चामड्याबरोबर त्याही फुगतात, पकड सुटत नाही. उंच टाच रिकिबीतून पाऊल आरपार घसरू नये म्हणून. नाडी नाही, पडलेला स्वार फरपटण्याआधी बुटातून सुटावा म्हणून!

आताचा स्वार मॉलच्या पार्किंगमध्ये उतरतो. शहामृगाच्या कातड्यावरचे पिसांच्या मुळांचे उंचवटे बोटाने चाचपतो, किंमत ऐकून त्याचे डोळे पांढरे होतात.

मग एकाएकी भूतदया जागी होते.

चामडेमुक्त जोड बहुधा पॉलियुरेथेनचा, म्हणजे चक्क प्लास्टिकचा. गाय वाचते, पण पुढे पापुद्रे सुटतात. हातशिलाईचा बूट नवा तळ ठोकून पुन्हा चालतो. तेव्हा कुठलाही घ्या, पण तळ बदलून मिळेल का, एवढं दुकानदाराला आधी विचारा.