अंतरपाट

आमच्या ओळखीचे एक वकीलसाहेब म्हणतात, हक्क हवा असेल तर राज्यघटनेआधी रेशनकार्ड काढून दाखवावं.

समलिंगी जोडप्यांचा इतिहास पाहिला की साहेबांचं पटतं. १८६०च्या दंडविधानातल्या ३७७व्या कलमाने ज्यांचं प्रेम निसर्गाविरुद्ध ठरवलं, त्यांना २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने समजावलं की तुम्ही मूठभर. दीडशे वर्षांत दोनशे जणांवरही खटले नाहीत, मग त्रास कसला? म्हणजे हक्क हवा तर आधी पुरेशा संख्येने तुरुंगात जाऊन या! २०१८ साली त्याच न्यायालयाने हा हिशेब खोडला: हक्क डोकी मोजून मिळत नाहीत. टाळ्या झाल्या. २०२३ साली मंडळी विशेष विवाह कायदा हातात घेऊन परत आली, तर उत्तर मिळालं की एकत्र खुशाल राहा, लग्नाचं तेवढं संसदेला विचारा. सरकार म्हणालं, समिती नेमतो.

ऑगस्ट २०२४मध्ये पत्रकं निघाली. रेशनकार्डावर दोघं एका कुटुंबातले. बँकेत संयुक्त खातं चालेल, नॉमिनी म्हणून नावही लागेल. आणि जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराचा मृतदेह ताब्यात घेता येईल.

म्हणजे एका चुलीवर जेवायला हरकत नाही, शेवटचा खांदा द्यायलाही नाही. अडलंय ते मधल्या आयुष्याचं. जोडीदाराने वर्षात पन्नास हजारांवर भेट दिली की आयकर खातं विचारतं, 'हे तुमचे कोण?' नवरा-बायकोला माफी, यांना कर. २०२५ साली एका जोडप्याने नेमकं हेच मुंबई उच्च न्यायालयापुढे मांडलं: संसार सारखाच, तर कर वेगळा का? वकीलसाहेब खूश. 'लग्न मागितलं की संस्कृती आडवी येते,' ते म्हणाले, 'करसवलत मागितली की संस्कृतिरक्षकालाही स्वतःचं रिटर्न आठवतं.'

तांदूळ झाले, पासबुक झालं, आता कर. एकेका खिडकीवर नातं सिद्ध करत हा संसार पुढे सरकतोय. मंगलाष्टकं संपली की अंतरपाट दूर करायची आपल्याकडे रीत आहे. इथे सरकार 'सावधान, सावधान' म्हणत उभंच. हात दुखायचं काही नाव नाही.