छत्तीस गुण आणि आठ ओहम

पुस्तकांच्या कपाटावर मावतील अशा स्पीकरांची जोडी घ्यायला निघालेला माणूस बहुधा पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असतो. मुलं कॉलेजात गेलेली असतात, घराचे हप्ते संपत आलेले असतात आणि आता काहीतरी नीट ऐकावं असं त्याच्या मनाने घेतलेलं असतं. तो दुकानात जातो, स्पीकर आणतो, ऐकायला बसतो. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचं आहे ते त्याच वयाच्या, त्याच चष्म्याच्या दुसऱ्या गृहस्थांबद्दल. हे स्पीकर घेत नाहीत, स्थळं बघतात. स्पीकर ठरला की त्याला अनुरूप ॲम्प्लिफायर शोधणं हे त्यांचं जीवितकार्य. यांना मॅचिंगवाले म्हणू. मुलीच्या लग्नात ‘पत्रिकाबित्रिका आम्ही मानत नाही’ असं व्याह्यांना ठणकावून सांगणारे हे बुद्धिवादी, इंग्लंडच्या स्पीकरला जपानी रिसीव्हर चालेल का हा प्रश्न निघाला की नाडी, गण, योनी सगळं काढून बसतात. ज्योतिषी निदान दोन्हीकडे मंगळ असला तर लग्न लावून देतात. यांच्या शास्त्रात ‘ब्राइट’ स्पीकरला ‘ब्राइट’ ॲम्प्लिफायर दिला तर संसार टिकत नाही.

त्यांच्या चिकाटीबद्दल वाद नाही. वाद आहे तो क्रमाबद्दल. ज्या गोष्टीचा आवाजावर परिणाम सगळ्यांत जास्त तिची त्यांना चिंता सगळ्यांत कमी, आणि जिचा परिणाम कानापर्यंत जेमतेम पोचतो तिच्यापायी झोप उडालेली. आरोप गंभीर आहे, तेव्हा हिशेब मांडायला हवा. आपल्याकडची संगीताची खोली म्हणजे दहा बाय बाराची बेडरूम. तिच्या बारा फुटी लांबीत साधारण ४७ हर्ट्झचा आणि दहा फुटी रुंदीत ५६ हर्ट्झचा स्वर भिंतीभिंतींत अडकून घुमतो. सेकंदाला ३४३ मीटर धावणारा आवाज भागिले खोलीच्या मापाची दुप्पट, एवढं साधं गणित आहे ते. हा स्वर भिंतीला टेकून बसलेल्याला फुगलेला ऐकू येतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसलेल्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. स्पीकर कोपऱ्यात सारला की खालचे स्वर सुजतात, दोन फूट पुढे ओढला की सूज उतरते. हे फरक दहा-दहा डेसिबलचे असू शकतात आणि ते ओळखायला कान तयार असावे लागत नाहीत. खोलीखालोखाल फरक पडतो तो खुद्द स्पीकरांमुळे. आणि दोन बऱ्यापैकी ॲम्प्लिफायर आपापल्या कुवतीत वाजत असले, तर त्यांच्यातला फरक डेसिबलच्या काही दशांशांपलीकडे क्वचितच जातो. मॅचिंगवाल्यांनी मुक्काम ठोकलेला असतो तो नेमका या दशांशांत.

वॉटचंच घ्या. ‘शंभर वॉट तरी हवेतच’ हे त्यांचं आवडतं वाक्य. ज्या स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबल आहे, तो एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८६ डेसिबल आवाज देतो. अडीच मीटरवर बसलं, दोन्ही स्पीकर आणि खोलीची साथ धरली, तर त्या एकेका वॉटमध्ये साधारण ऐंशीच्या वर कानावर येतं. रात्री जेवणानंतर ख्याल ऐकायला एवढ्यानेही शेजारी दार वाजवतील. म्हणजे बहुतेक वेळ हा शंभर वॉटचा वीर अर्ध्या वॉटवरच काम करत असतो. तानेच्या किंवा तबल्याच्या उसळीला वीस-पंचवीस वॉट लागले तर लागले. पन्नासाचे शंभर वॉट केले की हाती काय येतं? फक्त ३ डेसिबल. आवाज दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. अमेरिकेत वॉटच्या जाहिरातबाजीला १९७४ साली सरकारी नियमाने वेसण घातली. आपण मात्र नव्वदच्या दशकात प्लास्टिकच्या म्युझिक सिस्टिमवर ‘१००० वॉट पीएमपीओ’ (‘पीक म्युझिक पॉवर आउटपुट’ हा फुगवलेला आकडा) वाचून त्या अभिमानाने शोकेसमध्ये ठेवल्या. मॅचिंगवाले पीएमपीओला खदाखदा हसतात, पण वॉटवरची श्रद्धा त्याच कुळातली आहे.

यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असतं: वॉट सोडा हो, ‘कॅरेक्टर’ बघा. कुठल्या ॲम्प्लिफायरला मधाळ, कुठल्याला रूक्ष, कुठल्याला ‘मोकळा’ ही विशेषणं ते गवयांना लावावीत तशी लावतात. ही विशेषणं खरी असतील तर ती डोळे मिटल्यावरही खरी राहायला हवीत. अमेरिकेच्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने १९८७ साली नेमकं हेच पाहिलं. स्वस्तातल्या रिसीव्हरपासून हजारो डॉलरच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरपर्यंत सगळे समान आवाजावर लावले आणि कोणता वाजतोय हे ऐकणाऱ्यांपासून लपवलं. ओळख पटवण्यात त्यांना छापा-काट्याहून फारसं बरं यश आलं नाही. स्पीकरांच्या बाबतीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ साली मांडलेला प्रयोग तर त्याहून बोचरा आहे. तेच स्पीकर पडद्याआडून आणि मग उघड्यावर ऐकवले तेव्हा ऐकणाऱ्यांनी दिलेले गुण बदलले. दिसायला किरकोळ असलेला स्पीकर पडदा दूर होताच घसरला, आणि गुण देणारे त्याच धंद्यातले लोक होते. मॅचिंगवाल्यांना असे प्रयोग सांगितले की ते दुखावतात. ‘आमच्या कानांवर विश्वास नाही का?’ कानांवर आहे, पूर्ण आहे. संशय डोळ्यांवर आहे, आणि थोडा दुकानातल्या त्या हातावर, जो महागडा ॲम्प्लिफायर लावताना व्हॉल्यूमचं बटण कळेल न कळेल इतकं पुढे सरकवतो. किंचित मोठा आवाज माणसाला मोठा न वाटता चांगला वाटतो.

मग ॲम्प्लिफायर कोणताही चालतो का? नाही, आणि इथे मॅचिंगवाल्यांच्या पदरात माप टाकलंच पाहिजे. बीबीसीने सत्तरच्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाडीत मावावा म्हणून घडवलेला एलएस ३/५ ए हा पाचेक लिटरचा चिमुकला स्पीकर अजून पुजला जातो. त्याची संवेदनशीलता मात्र ८२-८३ डेसिबलच्या घरातली आणि मूळ इंपीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, १५ ओहम. त्याला आठ वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर जोडून भरल्या मैफिलीचा आवाज मागणं म्हणजे अन्याय. उलट, पाठीवर ८ ओहम लिहिलेले कित्येक स्पीकर काही स्वरांवर ३-४ ओहमपर्यंत उतरतात. तिथे सात चॅनेलचा आव आणणारा स्वस्त रिसीव्हर तापतो आणि अंग काढून घेतो. त्याचे छापील वॉट बहुधा दोनच चॅनेल चालू ठेवून मोजलेले असतात. आणि व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा आउटपुट इंपीडन्स जास्त असला, तर स्पीकरच्या इंपीडन्सच्या चढउतारांप्रमाणे आवाजाचा पोतच बदलतो. हा फरक मोजता येतो आणि ऐकूही येतो. गुणमेलनातला खरा ग्रह काय तो हा. पण तो पाहायला एक छापील आलेख आणि दहा मिनिटं पुरतात. त्यासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची बुधवार पेठ सहा महिने पालथी घालावी लागत नाही.

एवढा शिकलेला माणूस क्रम उलटा का लावतो? तो मूर्ख आहे म्हणून नव्हे. माझ्या मते याचं कारण ध्वनिशास्त्रात नसून घराच्या राज्यघटनेत आहे. खोली त्याच्या अखत्यारीत नसते. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे आणायचे तर कपडे वाळत घालायचा स्टँड हलवावा लागतो. वरच्या स्वरांचा ट्विटर कानाच्या उंचीवर हवा तर स्पीकर कपाटावरून उतरवून स्टँडवर ठेवावे लागतात, आणि ‘हे खांब कशाला?’ या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. ऐकायची खुर्ची भिंतीपासून सुटी करायची तर देव्हाऱ्याकडे पाठ होते. जाड पडदे आणि गालिचा यांचा ठराव घरच्या सभेत मांडला जातो आणि धुळीच्या मुद्द्यावर एकमताने फेटाळला जातो. ॲम्प्लिफायरला मात्र कुणाची हरकत नसते. तो टीव्हीखालच्या कप्प्यात जातो, जुना काढून नवा ठेवला तरी कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि किंमत विचारली गेलीच तर एक शून्य गाळून सांगता येते. जिथे आपलं चालतं तिथेच माणूस बुद्धी खर्च करतो. म्हणून अख्ख्या घरात आपल्या मर्जीने बदलता येणाऱ्या त्या एकमेव खोक्यात मॅचिंगवाल्यांना मधाळपणा, मोकळेपणा आणि ‘स्टेज’ ऐकू येतं.

‘छंद आहे, कुणाचं काय जातं?’ हा आक्षेप सगळ्यांत सज्जन, आणि निम्मा खरा. संगीताला यांच्यापासून धोका नाही, कारण संगीताच्या ते फारसे वाटेला जात नाहीत. भीमसेनांचा अख्खा संग्रह घरात असतो. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पाच इंची वूफरच्या बऱ्या स्पीकरला तो झेपतो. आकाशवाणीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत तर ट्विटरला फारसं कामच नसतं. पण असं काही लावलं तर जुना ॲम्प्लिफायरही पुरेसा ठरण्याची भीती. म्हणून पाहुण्यांना ऐकवलं जातं ते ईगल्सचं १९९४ सालचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’, तेही सुरुवातीचा ढोल होईपर्यंतच.

जातं ते सल्ला विचारायला येणाऱ्याचं. नोकरीला लागलेला भाचा चाळीस हजार घेऊन येतो. त्यातले तीस स्पीकरांवर घालावेत, उरलेल्यात साधा, प्रामाणिक ॲम्प्लिफायर घ्यावा, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हार्डवेअरच्या दुकानातून मीटरवर मोजून आणावी. पाच मीटर अंतराला तिचा जाऊन-येऊन अडथळा एका ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी. मग उरलेली संध्याकाळ स्पीकर पुढे-मागे सरकवून बघण्यात घालवावी. भाच्याचं भाडं स्वतःचं, खोली स्वतःची, लग्न व्हायचंय. गालिचा घालायला त्याला कुणाला विचारावं लागत नाही. मॅचिंगवाले त्याला समोर बसवतात, चष्मा पुसतात आणि पहिला प्रश्न विचारतात: ‘वायर कुठली घेणार आहेस?’