स्वतःला बसवून घ्या!

माद्रिदला निघालेल्या मराठी माणसाला घरचे लोक दोनच सूचना देतात: पाकीट आतल्या खिशात ठेव, आणि रात्रीचं जेवण नऊच्या आत मिळेल अशी आशा धरू नकोस. आज्ञार्थाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. वास्तविक त्या देशात प्रादो संग्रहालयाच्या आधी गाठ पडते ती आज्ञार्थाशी. विमान उतरायला लागलं की ‘अब्रोचेन्से लोस सिन्तुरोनेस’, म्हणजे पट्टे बांधा. सरकत्या जिन्यापाशी ‘सुखेतेसे’. कानाला आशीर्वाद वाटतो, पण अर्थ ‘धरून उभे राहा’ एवढाच. हात धुवायच्या जागी ‘लाबेसे लास मानोस’ आणि खुर्चीपाशी ‘सिएन्तेसे’. प्रत्येक हुकमाला मागे एक ‘से’ लटकलेला असतो, आणि या ‘से’चा अर्थ ‘स्वतःला’. म्हणजे पाहुण्याला बसा म्हणत नाहीत, ‘स्वतःला बसवा’ म्हणतात. इंग्रजीतून स्पॅनिश शिकलेला माणूस इथे हटकून अडखळतो, कारण इंग्रजाला खाली बसताना स्वतःला वेगळं बरोबर घ्यावं लागत नाही. माझं म्हणणं असं की मराठी माणसाला अडखळायचं काही कारण नाही. त्याने फक्त व्याकरणाच्या प्रवासात लंडनला विमान बदलू नये.

पुरावा आपल्याच स्वयंपाकघरात आहे. आई मुलाला ‘हात धू’ म्हणते तेव्हा ती फक्त क्रिया सांगते. ‘हात धुऊन घे’ म्हणते तेव्हा ते धुणं मुलाच्या पदरात घालते. हात कोणाचे, हे तिला सांगावं लागत नाही. स्पॅनिश माणूसही ‘तुमचे हात’ म्हणत नाही, नुसतं ‘हात’ म्हणतो आणि मालकी ‘से’वर सोपवतो. ‘कोमे’ म्हणजे खा. ‘कोमेतेलो’ म्हणजे ते खाऊन टाक, पानात काही ठेवू नकोस. ‘बेबे’ म्हणजे पी आणि ‘बेबेतेलो’ म्हणजे पिऊन टाक. मधला तो चिमुकला ‘ते’ इंग्रजीत उतरवताना भाषांतरकार घामाघूम होतो. मराठीत ‘टाक’ आणि ‘घे’ हे दोन गडी पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करत आले आहेत. आता कोणी म्हणेल, बसण्या-उठण्याचं काय? ‘बसून घे’ हा काही ‘बस’ला रोजचा पर्याय नव्हे. आक्षेप रास्त आहे. पण स्पॅनिशमध्ये मूळ क्रियापद ‘सेन्तार’, म्हणजे बसवणे, आणि त्याला स्वतःची शेपटी लावली की होतं बसणे. आपण उलट्या बाजूने येतो: बसणे आधी, बसवणे नंतर. उठणे-उठवणे, निजणे-निजवणे, सगळ्या जोड्या अशाच. रस्ता तोच, फक्त आपण परतीच्या दिशेने चालतो. पुण्यात एकेरी वाहतुकीत वाढलेल्या माणसाला एवढं जमायला हरकत नाही.

बरं, ‘स्वतःला’ म्हणायला ‘ते’ कधी आणि ‘से’ कधी? ‘तू’ला ‘ते’, आणि आदरार्थी ‘उस्तेद’ला ‘से’. हे ‘उस्तेद’ म्हणजे ‘बुएस्त्रा मेर्सेद’, आपली कृपा, या दरबारी संबोधनाचा झिजलेला अवशेष आहे. समोरच्याशी न बोलता त्याच्या कृपेशी बोलायचं, म्हणून क्रियापद तृतीय पुरुषी. ‘साहेबांनी बसावं’ म्हणणाऱ्या समाजाला यात नवल ते काय? उरली शेपूट चिकटवण्याची कटकट. ‘सिएन्ता’ला ‘ते’ जोडून ‘सिएन्ताते’ झालं तरी आघात जागचा हलत नाही, म्हणून त्या अक्षरावर तिरकी रेघ द्यायची. स्पेनमध्ये अनेकांना बसवायचं तर ‘सेन्ताद’ आणि ‘ओस’ मिळून ‘सेन्ताओस’. मधला ‘द’ गळतो. परदेशी विद्यार्थी या एका गळलेल्या ‘द’साठी रडतात. इथे आपण रोज पाऊस घेऊन त्याचा पावसात, पावसाने, पावसाळी करतो आणि भिजतही नाही.

खरी अडचण नकारात आहे, असं जाणकार म्हणतात. ‘सिएन्ताते’ म्हणजे बस. पण बसू नकोस म्हणायचं तर ‘नो ते सिएन्तेस’. शेपूट उडी मारून पुढे येते आणि क्रियापदाचा चेहराही बदलतो. हा अन्याय आहे, मान्य. पण आपण ‘बस’चं काय करतो? ‘नको बस’ म्हणत नाही. ‘बसू नकोस’ म्हणतो. हुकूम आणि मनाई यांना वेगळे कपडे घालायची खोड दोन्हीकडे आहे. पाट्यांचंही तसंच. आपल्याकडे ‘चपला बाहेर काढून ठेवणे’ असतं, त्यांच्याकडे ‘लाबार्से लास मानोस’, हात धुणे. हुकूम कोणी सोडला ते दोन्हीकडे गुलदस्त्यात.

मग शेवटचा आक्षेप: स्पॅनिश लोक तरी हे पाळतात का? यासाठी माद्रिदच्या संसद भवनात जावं. 23 फेब्रुवारी 1981 रोजी लेफ्टनंट कर्नल तेखेरो सशस्त्र शिपायांसह सभागृहात घुसला. गोळ्या झाडल्या गेल्या, ‘जमिनीवर!’ असा पुकारा झाला, आणि मग ‘से सिएन्तेन’ अशी शिवीसकट गर्जना झाली. प्रमाण रूप ‘सिएन्तेन्से’. म्हणजे शेपूट पुढे आली होती; ‘बसा’ म्हणायच्या जागी ‘बसावं’ असा सूर लागला होता. बहुतेक खासदार बाकांखाली असताना पंतप्रधान सुआरेस मात्र आपल्या जागी बसूनच राहिले. बंड दुसऱ्या दिवशी आटोपलं. व्याकरणामुळे नव्हे, पण नोंद असावी. गोळ्यांच्या खुणा छतात जपून ठेवल्या आहेत. त्याच सभागृहात 1994 मध्ये विरोधी पक्षनेते अस्नार यांनी पंतप्रधानांना निर्दोष व्याकरणात सुनावलं: ‘बायासे, सेन्योर गोन्सालेस’ (लिहितात ‘व’, म्हणतात ‘ब’). मराठीत याला एकच जोड आहे: ‘चालते व्हा, गोन्सालेससाहेब’. आदर शाबूत ठेवून हाकलण्याची ही कला दोन्ही भाषांना सारखीच अवगत. गोन्सालेस गेले, पण निवडणूक हरल्यावर, 1996 मध्ये. म्हणजे शुद्ध आज्ञेलाही दोन वर्षं लागू शकतात.

तेव्हा घाबरू नका. ‘चालते व्हा’ हे अनेकांना सांगायचं शुद्ध रूप ‘इदोस’. स्पेनमधले लोक मात्र सर्रास ‘इरोस’ म्हणत राहिले, आणि शेवटी 2017 मध्ये तिथल्या राजमान्य भाषा अकादमीने ‘इरोस’लाही मान्यता देऊन टाकली. निघताना म्हणा ‘बामोनोस’, चला निघू या. मूळ ‘बामोस’ आणि ‘नोस’. मधला एक ‘स’ गळलेला असतो. तो शोधत विमानतळावर बसू नका.