तुऱ्यासकट की तुऱ्यावाचून?

बंगळूरच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटजवळ, सेंट मेरी बॅसिलिकेचा मनोरा आहे. चर्च 1882 सालचं, गॉथिक घाटाचं. मनोऱ्याची उंची 160 फूट सांगतात. केळीवाल्याच्या गाडीशेजारी मान मागे टाकून पाहता पाहता मनात आलं, हे 160 फूट वरच्या क्रुसासकट की क्रुसावाचून?

शंका वाटते तितकी चावट नाही. उंच इमारतींची क्रमवारी लावणारी एक आंतरराष्ट्रीय परिषद आहे, तिलाही याच पेचाने छळलंय. तिचा निवाडा असा, की इमारतीचा कळस धरायचा, पण अँटेना आणि झेंड्याची काठी धरायची नाही. नवरदेवाची उंची फेट्याच्या तुऱ्यासकट मोजावी, त्याने डोक्यावर धरलेली छत्री सोडून द्यावी, तसं. या हिशेबाने 1996 मध्ये क्वालालंपूरच्या पेट्रोनास मनोऱ्यांनी (452 मीटर) शिकागोच्या सिअर्स टॉवरला (442 मीटर) मागे टाकलं. वास्तविक सिअर्सचं छप्पर त्यांच्या छपराहून उंच, अँटेनाही त्यांच्या टोकाहून उंच. मग रुसवा काढायला परिषदेने वेगवेगळे मान काढले: छपराचा निराळा, शेवटच्या वापरत्या मजल्याचा निराळा, टोकाचा निराळा. लग्नात सगळ्याच मामांना नारळ!

दुबईच्या बुर्ज खलिफाच्या 828 मीटरांपैकी वरच्या सुमारे 244 मीटरांत कुणाचाच वावर नाही. आपला हा मनोरा एकावर एक पाच वेळा ठेवला, तर तेवढा नुसता तुरा होतो.

ही झाली वरची बाजू. मोजायला सुरुवात मात्र पायी येणाऱ्यांच्या सर्वांत खालच्या, उघड्यावरच्या मुख्य दारापासून करायची. आपल्याकडे डांबराचे थर चढून चढून जुन्या दुकानांच्या पायऱ्या रस्त्याने गिळल्यात. तुरा शाबूत, आणि माणूस पायाकडून खुजा!

म्हटलं, आपणच मोजू. शाळेतलं त्रैराशिक होतंच: छत्री उभी धरायची, तिची सावली मोजायची, मग मनोऱ्याची. मनोऱ्याची सावली फुलांच्या टोपल्यांवरून मोडत मोडत गेली होती, तिचं टोक एका रिक्षाच्या टपावर सापडलं. मी पावलं मोजत तिथवर पोचलो, तेवढ्यात रिक्षाला गिऱ्हाईक मिळालं.

तुम्ही हा उद्योग करणार असाल तर 24 एप्रिल आणि 18 ऑगस्टच्या आसपासची दुपार टाळा. बंगळूरला तेव्हा सव्वाबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीला सावलीच पडत नाही.