समुद्र उजव्या हाताला

दिवाळी आटोपली की पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमधून एक जमात दक्षिणेकडे सरकू लागते. वय चाळीस ते पंचावन्न, अंगात काळी घट्ट चड्डी, तिला नेमक्या जागी गादी, डोक्यावर भोकाभोकांचं हेल्मेट आणि खाली जाड दातेरी टायरांची माउंटन बाइक. मुक्काम गोवा, वाट रेवस ते रेडी, किनाऱ्याकिनाऱ्यानं. ‘रोज दिवसभर समुद्र उजव्या हाताला!’ हे वाक्य आमचा सायकलवीर निघण्याआधी महिनाभर भेटेल त्याला ऐकवतो.

डोंगरातली सायकल किनाऱ्यावर कशाला, असं त्याला विचारू नये. विचारलंत तर उत्तर 1976 सालापासून सुरू होतं. कॅलिफोर्नियातल्या मरीन भागात काही पोरांनी जुन्यापान्या जाडजूड सायकली कच्च्या उतारावरून सोडून शर्यती लावल्या. उतरेपर्यंत ब्रेक इतके तापायचे की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि दर फेरीनंतर ते नव्यानं भरावं लागायचं. हे तो अशा मायेनं सांगतो, जणू त्यात त्याचा मावसभाऊ होता. त्या डोंगरावरूनही पॅसिफिक दिसतो, हा शेवटचा हुकमी एक्का. पुढच्याच वळणावर आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आहे, हे मात्र त्याला चहावाला सांगतो.

नकाशात कोकणचा किनारा सपाट दिसतो. सगळा घोटाळा तिथंच आहे. सह्याद्रीतल्या नद्या पश्चिमेला धावतात आणि हा गडी त्यांना एकामागून एक आडवा जातो. म्हणजे खाडीपर्यंत उतरायचं, धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघायची, पलीकडे जांभ्याच्या सड्यावर चढायचं आणि वर जरा वारा लागतोय तोवर पुढची खाडी हजर. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. चढावर मान खाली, नजर पुढच्या चाकावर. उतारावर दोन्ही ब्रेक आवळलेले, नजर खडीवर. शेखाडीला समुद्र रस्त्याला अगदी खेटून आहे, आरे-वाऱ्याच्या घाटीवर उभं राहिलं तर डोळ्यांचं पारणं फिटतं. पण उभं राहिलं तर ना! थांबलं की सरासरी वेग पडतो, आणि सरासरी हे त्याचं कुलदैवत. फार झालं तर तो समुद्राकडे पाठ करून एक सेल्फी काढतो आणि रात्री मुक्कामाला पोचल्यावर त्या फोटोत समुद्र बघतो.

सायकलची किंमत ही चल राशी आहे. बायकोला सांगितलेली एक, ग्रुपवर सांगितलेली दुसरी, टपरीवर सांगितलेली तिसरी. खरी फक्त दुकानदाराला आणि बँकेला ठाऊक. टपरीवर तो आवाज खाली आणून ‘असेल वीस-पंचवीस हजार’ म्हणतो, तरी समोरचा हळहळतोच, ‘एवढ्यात जुनी मोटारसायकल आली असती की हो!’ दुसरा ठरलेला प्रश्न, गिअर किती? पूर्वी सत्तावीस असायचे, आता बारा. पुढची तीन चक्रं जाऊन एकच उरलं. जास्त पैसे मोजून कमी गिअर घेतले, हे टपरीवाल्याला पटवणं कुठल्याही चढापेक्षा अवघड.

जाड टायरांची हौस खरी फिटते ती पुळणीवर. ओहोटीला पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते, चाक सुरेख पळतं. जरा वर कोरड्या वाळूत घातलं की रुतलंच. तेव्हा ओहोटीची वेळ कळणं आलं. त्यासाठी त्याच्याकडे ॲप असतं, फक्त किनाऱ्यावर नेटवर्क नसतं. माडाखाली जाळं सांधत बसलेले आजोबा मान वर न करता सांगतात, ‘आज अष्टमी. आठाचे पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी.’ रात्री नेटवर्क आलं की तिथीचा हा हिशेब ग्रुपवर जातो, स्वतःचा अभ्यास म्हणून.

खारं पाणी लागलेली साखळी लगेच तांबूस होते. म्हणून मुक्कामी पोचल्यावर अंघोळ आधी सायकलची. गोड्या पाण्यानं धुणं, जुन्या टूथब्रशनं साखळीची कडी न् कडी घासणं, मग थेंबथेंब तेल. इतक्या निगुतीनं त्यानं घरात चहाचा कप विसळलेला कोणी पाहिलेला नाही.

घरमालकीण काकू हे सगळं पडवीतून बघत असतात. ‘एकटेच आलात? घरी भांडण झालं काय?’ नाही म्हटलं तरी त्यांना ते खरं वाटत नाही. पानात दोन घावन जास्त पडतात, वर ‘जरा दम खा, कुठे पळून चाललंय गोवा?’ हेही. पिशवीतली महागडी एनर्जी जेलं आली तशी परत जातात. माझं मत विचाराल तर तो येतो यासाठीच. गाडीनं आला असता तर काकूंनी खोलीचं भाडं सांगितलं असतं आणि यानं ते कमी करायला लावलं असतं. सायकलवरून घामानं निथळत आलेला माणूस कोकणात गिऱ्हाईक राहत नाही, पाहुणा होतो. जरासा डोकं फिरलेला, पण पाहुणा.

रेडीच्या पुढे तेरेखोल आलं की गोवा. तिथून सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीत जाते आणि हा सीटवर आडवा. येताना समुद्र डाव्या हाताला असायला हवा, पण बस घाटावरून येते आणि तो घोरत असतो.

तर मंडळी, तुमचं घर त्या वाटेवर एखाद्या चढाला असेल आणि असा कोणी धापा टाकत दारात थांबला, तर गूळ-पाणी द्या. किंमत विचारू नका, गिअर मोजू नका. आणि ‘पुढे चढ आहे का हो?’ असं त्यानं विचारलं, तर ‘छे, आता सगळं सपाटच’ म्हणून सांगा.