दार अडवणारे काका

कुणाच्या घरी पहिल्यांदा गेलं की माणसं आधी खिडकीतून व्ह्यू बघतात, मग किचन बघतात आणि चहा येईपर्यंत फ्लॅट केवढ्याला पडला ते काढून घेतात. आमच्या विंगमधले काका थेट दाराच्या मागे जातात. चष्मा कपाळावर चढवून भिंतीकडे निरखून बघतात, दाराच्या मुठीनं आपटून आपटून प्लास्टरला पाडलेल्या खळीत बोट घालतात आणि यजमानाला विचारतात, "स्टॉपर नाही लावला अजून?" पूर्वी याच स्वरात लोक 'मुलीचं नाही जमलं अजून?' असं विचारायचे.

असे काका ठाण्या-डोंबिवलीच्या प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. वय साठीच्या पलीकडे. खिशात मेजरिंग टेप, किल्ल्यांच्या जुडग्यात एक छोटं लोहचुंबक. सगळी नोकरी अशा खात्यात, की जिथे फाइल अडवणं हे कामाचं मुख्य स्वरूप होतं. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. खुर्ची आणि फायली तिथेच राहिल्या. अडवण्याचा हात मात्र घरी आला. घरात अडवण्यासारखं काय? सूनबाई ऐकत नाहीत, नातू ऐकत नाही, काकूंनी तर कधीच ऐकलेलं नाही. राहता राहिली दारं.

आणि दारांना अडवणारं कुणीतरी लागतंच, हेही खरं. फ्लॅट घेताना बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत 'क्रॉस व्हेंटिलेशन' हा शब्द वाचून आपण हरखतो. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात, पण दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणारे हे खारे वारे आपल्याच हॉलमधून जाणार आहेत, हे भूगोलाच्या बाईंनी सांगितलेलं नसतं. मे महिन्यातल्या दुपारी वारा पश्चिमेच्या खिडकीतून आत येतो, बेडरूममधून बाहेर पडतो आणि जाताना वाटेतली सगळी दारं लावून जातो. धाडकन! झोपलेलं बाळ उठतं, खालच्या मजल्यावरचे आजोबा उठतात आणि काका तर उठलेलेच असतात.

यातलं सर्वांत मोठं प्रकरण नाइट लॅचचं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी कचऱ्याची बादली दाराबाहेर ठेवायला दोन पावलं बाहेर आल्या आणि मागे दार मिटलं. अंगात गाऊन, हातात बादली, आत गॅसवर दूध, किल्ली फ्रिजवर. चावीवाल्याला फोन गेला. त्याच्या आधी काका पोचले. त्यांनी दाराचं निरीक्षण केलं, बिजागऱ्या बघितल्या आणि म्हणाले, "मी दिवाळीतच म्हटलं होतं." दूध उतू गेल्याचा वास लँडिंगवर येईपर्यंत ते वहिनींना फ्लोअर माउंट आणि वॉल माउंट यांतला फरक समजावून देत होते.

दार उघडं ठेवण्याचे आपले पिढीजात उपाय काकांना मंजूर नाहीत. वरवंटा, वीट, पाणी भरलेली बाटली, रद्दीतल्या पेपराची घडी, नातवाची चप्पल. या प्रत्येकावर त्यांचा शेरा ठरलेला आहे. विटेचा चुरा पडतो. वरवंटा पायाच्या करंगळीला शोधत येतो. पेपराची घडी दाराच्या खालच्या कडेचं लॅमिनेट उचकटते. रबराची पाचर नव्याची नवलाई असेपर्यंत धरते, मग टाइल्सवरून घसरते. एकदा एका घरी दाराला गॅसचा भरलेला सिलेंडर लावलेला दिसला, तेव्हा काका चहा न घेताच परतले होते.

स्वतःच्या घरासाठी मॅग्नेटिक स्टॉपर घ्यायचं त्यांनी ठरवलं, ते धाकट्या मुलाच्या लग्नाआधी. वधूचा गृहप्रवेश होताना दार आपटलं तर काय शोभा राहील, हा मुद्दा. आता आपल्याकडे त्या दिवशी दार अडवायचा मान करवलीचा. तिला 'तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का' असं विचारून भावाकडून काहीतरी उकळायचं असतं. पण काकांनी त्या मानात वाटेकरी आणायचं ठरवलं आणि प्रकरण चौकशीला घेतलं.

पहिली चौकशी चुंबकाची. नाक्यावरच्या हार्डवेअरच्या शेठनं दोन स्टॉपर काउंटरवर ठेवले. काका म्हणाले, "फेराइट की निओडिमियम?" शेठ म्हणाला, "स्टीलचा, काका." मग काकांनी त्याला उभ्या उभ्या इतिहास सांगितला. 1930 साली टोकियोत काटो आणि ताकेई या दोघांनी फेराइट शोधलं. ते बनवून विकण्यासाठी 1935 मध्ये एक कंपनी निघाली, तीच टीडीके, जिच्या कोऱ्या कॅसेटवर आपण आयुष्यभर नाट्यगीतं भरून घेतली. निओडिमियमचं चुंबक पुढे 1980 च्या दशकात आलं. त्याच्या शोधकांपैकी एक, मासातो सागावा, यांना 2022 मध्ये इंग्लंडच्या राणीच्या नावाचं इंजिनिअरिंगचं मोठं पारितोषिक मिळालं. एवढ्याशा तुकड्यात फेराइटच्या कितीतरी पट ओढ. मागे उभं राहिलेलं गिऱ्हाईक पाव किलो खिळे न घेताच निघून गेलं.

दुसरी चौकशी धातूची. झिंकच्या मिश्रधातूवरचं पॉलिश इथल्या पावसात टिकत नाही, पितळ काळवंडतं, प्लास्टिकचं नाव काढू नका. काकांना स्टेनलेस स्टील हवं होतं आणि तेही 304, म्हणजे 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. शेठनं शपथेवर सांगितलं तरी त्यांचा विश्वास नाही. भांड्यांच्या दुकानात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली परीक्षा त्यांनी इथे लावली. किल्ल्यांच्या जुडग्यातलं चुंबक काढलं आणि स्टॉपरच्या गोल पट्टीला लावलं. ते टक्‌ करून चिकटलं.

"बघा, 304 नाही," काका विजयानं म्हणाले. "304 ला चुंबक लागत नाही."

शेठनं शांतपणे विचारलं, "काका, ही पट्टी दारावर लागणार. समोर मॅग्नेट. हिला मॅग्नेट नाही चिकटला, तर दार थांबणार कसं?"

दुकानात क्षणभर पंख्याचाच आवाज होता. दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. पण पस्तीस वर्षं फायलींवर त्रुटी काढलेल्या माणसाला आपली त्रुटी दुसऱ्याच्या नावावर कशी वळती करायची, हे चांगलं ठाऊक असतं. "तेच तपासत होतो," ते म्हणाले. संध्याकाळी बागेतल्या कट्ट्यावर त्यांनी आम्हा सर्वांना बजावून सांगितलं, "बॉडी 304 घ्या, पण पट्टी चुंबकाला लागणारीच घ्या. लोकांना एवढंही कळत नाही." हे ज्ञान त्यांना कुठून मिळालं ते शेठला ठाऊक आहे, पण शेठला धंदा करायचा आहे.

शेवटी माल आला तो नागदेवी स्ट्रीटहून. मस्जिद बंदरला उतरून, भर दुपारी, गल्लीतली सगळी दुकानं पालथी घालून. नाक्यावर मिळतो त्याहून वीस रुपये स्वस्त. लोकलचं तिकीट, उसाचा रस आणि वडापाव त्यात धरायचा नाही.

लावण्याचा दिवस रविवार. सोसायटीत दुपारी दोन ते चार ड्रिल मशीन बंद ठेवायचं, हा नियम काकांनीच कमिटीत असताना करून घेतलेला. त्यामुळे वेळ मोजकी. अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर मुलगा म्हणाला, "बाबा, भिंतीला डबल टेपनं चिकटवून टाका ना." काकांनी फोन भिंतीसमोर धरून त्याला डिस्टेंपर दाखवला. टेप भिंतीला चिकटत नाही, भिंतीवरच्या रंगाला चिकटतो, आणि पहिल्या धक्क्याला रंग घेऊन खाली येतो. हे शंभर टक्के खरं आहे. काकांची अडचण हीच आहे की ते बहुतेक वेळा बरोबर असतात.

स्टॉपर कुठे बसवायचा, यावरही त्यांचं म्हणणं बरोबर होतं. बिजागरीजवळ बसवला तर वारा दाराला ढकलतो तेव्हा सगळा ताण बिजागरीच्या स्क्रूवर येतो. म्हणून मुठीच्या बाजूला, कडेपासून दोन-तीन इंच आत, फरशीत. बाथरूमच्या उंबऱ्याजवळच्या फरशीत भोक पाडायचं नाही, कारण खालून पाण्याची लाइन गेलेली असू शकते. पीव्हीसीच्या पोकळ दारावर स्क्रू धरत नाही, त्यामुळे बाथरूमचं दार या योजनेतून वगळण्यात आलं.

दारावरची पट्टी नेमकी चुंबकासमोर यावी म्हणून काकांनी काकूंचा करंडा मागवला. चुंबकाच्या तोंडाला ओलं कुंकू लावलं, दार त्यावर टेकवलं. दारावर गोल ठसा उमटला. "अहो, दाराला कुंकू लागलं, आता आणखी कुणाला लावायचंय?" काकू आतून म्हणाल्या. काकांनी ऐकलं नाही. ते टाइलवर मास्किंग टेप लावण्यात गढले होते, म्हणजे ड्रिलचं टोक घसरू नये. वरचा चकचकीत थर पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद, मग चालू. सहा एमएमचं भोक, आतली धूळ फुंकून काढायची, गिट्टी ठोकायची, स्क्रू आवळायचा. दोनला पाच कमी असताना काम संपलं. टाइलला चरा नाही. वॉचमन, मी आणि समोरचे जोशी असे आम्ही तिघे साक्षीला होतो.

दार लागलं ते असं लागलं, की सुटेना. निओडिमियमचा महिमा. काकूंना एक पाय भिंतीला लावून दार ओढावं लागलं. काकांनी पट्टीवर इन्सुलेशन टेपचा एक थर दिला, मग आणखी एक. चुंबक आणि लोखंड यांच्यात किंचितसं अंतर पडलं तरी ओढ झपाट्यानं कमी होते. तिसऱ्या थराला दार माणसात आलं.

लग्नाच्या दिवशी दार आपटलं नाही. माप ओलांडलं गेलं, तांदूळ हॉलभर पसरले, करवलीनं दार अडवून अंगठी मिळवली आणि काका दाराच्या मागे वाकून पट्टी सरकली का ते बघत होते. गृहप्रवेशाच्या सगळ्या फोटोंत त्यांची फक्त पाठ आली आहे.

त्यानंतर आणखी एक फायदा काकूंनी शोधला. घरात हरवलेल्या सेफ्टी पिना, टाचण्या, केसांच्या पिना आता त्या थेट दाराच्या मागे शोधतात. केर काढताना तिथून सरकणारी प्रत्येक लोखंडी वस्तू स्टॉपरला बिलगते. पोछा मारणाऱ्या मावशींची तारेची घासणीही एकदा तिथे सापडली. काकांनी त्यावरून मावशींना फेराइटचा इतिहास सांगितला. मावशींनी पगारवाढ मागितली.

काकांची थट्टा आम्ही सगळे करतो आणि गरज पडली की सगळेच त्यांना बोलावतो. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या दारालाही आता त्यांनीच लावलेला स्टॉपर आहे. नोकरीत त्यांनी किती लोकांच्या फायली अडवल्या याचा हिशोब देवाकडे असेल. पण आयुष्यात जे काही अडवलं, त्यात खरोखर अडवण्याजोगी होती ती ही दारंच, असं माझं मत आहे.

तेव्हा तुमच्या सोसायटीत असे काका असतील तर त्यांना जपा. स्टॉपर घ्यायला जाल तेव्हा पट्टी दुकानातच चुंबकाला लावून बघा. बिजागरीपासून दूर बसवा. आणि एवढं सगळं करूनही, कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला जाताना किल्ली हातात असू द्या.