दोर कोणाच्या हाती

पुण्यात एका माणसाचा दुसऱ्यावर जो विश्वास असतो तो बहुधा लेखी स्वरूपाचा असतो, आणि त्याखाली तारीख, सही व शिक्का असल्यास तो टिकाऊही असतो. आमच्या कचेरीत तर कोणताही कागद तीन मेजांवरून फिरल्याखेरीज खरा मानण्याची वहिवाट नाही, आणि त्यात आपला अपमान होतो असे आजवर कोणाच्या मनातही आलेले नाही. अशा या संशयी परंतु सुखी दप्तरात वरून एक हुकूम आला. कर्मचाऱ्यांच्या ठायी परस्परविश्वास उत्पन्न व्हावा आणि त्यांच्या मनांतील भीतीचे निर्मूलन व्हावे, एतदर्थ येत्या शनिवारी सर्वांनी सिंहगडाच्या पायथ्याशी हजर राहावे. गैरहजर राहणाऱ्याचा एक दिवसाचा पगार कापण्यात येईल! निर्भय होण्यास न आल्यास पगार कापण्याचे भय घालणारा हा मसुदा ज्या कोणी रचला असेल त्याच्या प्रतिभेपुढे नतमस्तक होणेच प्राप्त होते.

आमचे हिशेबतपासनीस, ज्यांना साहेबांपासून शिपायांपर्यंत सारी कचेरी अण्णा म्हणते, त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत शेरा मारला : 'विश्वास उत्पन्न झाला किंवा कसे, हे कोणी व कशावरून प्रमाणित करावयाचे याचा खुलासा नाही.' अण्णा हे आमच्यातले सर्वांत भित्रे गृहस्थ होत, हे येथेच नमूद केलेले बरे. अलका टॉकीजचा चौक ओलांडावयाचा झाल्यास ते एखाद्या धिप्पाड अनोळखी इसमाचा आडोसा शोधतात. घराला कुलूप लावल्यावर ते ओढून पाहतात, जिना उतरतात आणि पुन्हा वर जाऊन ओढून पाहतात. त्यांच्या हातून हिशेबात एका पैचीही चूक कधी निसटलेली नाही, याचे श्रेय काही लोक त्यांच्या बुद्धिमत्तेला देतात; ते खुद्द मात्र धास्तीला देतात.

शनिवारी स्वारगेटहून आमची भाड्याची बस निघाली. सिंहगड पुण्याच्या नैऋत्येस सुमारे 30 किलोमीटर आहे, आणि त्यातले पहिले दहा किलोमीटर हे उरलेल्या विसांपेक्षा कितीतरी लांब आहेत. विठ्ठलवाडी, धायरी फाटा, नांदेड फाटा या मार्गाने जाताना डाव्या बाजूने येणारी दुचाकी, उजव्या बाजूने येणारी दुचाकी आणि कोणत्याही बाजूने न येता एकदम समोर प्रकट होणारी दुचाकी यांच्याशी आमच्या चालकाने जो व्यवहार केला तो पाहता, भीतीवर विजय मिळविण्याचे शिक्षण धायरीलाच पुरे झाले असे समजून बस परत फिरविण्यास काहीच हरकत नव्हती.

खडकवासल्याशी धरणाची भिंत दिसली आणि बसमधील संभाषण, पुण्याच्या माणसांचे त्या ठिकाणी वळायचेच त्या विषयाकडे, म्हणजे पानशेतच्या पुराकडे वळले. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे पुरते न झालेले मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही टिकले नाही, आणि मुठेचे पाणी काठच्या पेठांतून घरांच्या माळ्यांपर्यंत चढले. ही हकीकत ज्यांचा जन्म त्यानंतर झाला तेच अधिक तपशिलाने सांगत होते. परंतु त्यातला एक भाग ऐकताना मात्र सर्वजण गप्प झाले. आदल्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात, काळोखात, पायांखाली खचत चाललेल्या त्या बांधावर पोत्यांमागून पोती रचीत उभे होते. त्यामुळे फुटणे टळले नाही, पण ते रात्रीचे दिवसावर गेले, आणि शहराला पळावयास उजेड मिळाला. "त्यांना कोणी शिबिराला नेलं होतं का?" असा प्रश्न अण्णांनी खिडकीबाहेर पाहत विचारला. तो कोणाला उद्देशून होता हे स्पष्ट नसल्यामुळे कोणीच उत्तर दिले नाही.

गडाच्या पायथ्याच्या एका माळावर आमचा प्रशिक्षक गळ्यात शिटी अडकवून उभा होता. वय फार तर पंचविशीचे. अंगात आखूड विजार, आणि चेहऱ्यावर ज्याने जगात अद्याप काहीही गमावलेले नाही अशा माणसाचा उत्साह. त्याने प्रथम या विद्येची कुळकथा सांगितली, ती खरोखर ऐकण्याजोगी होती. दुसऱ्या महायुद्धात शत्रूने बुडविलेल्या इंग्रज व्यापारी जहाजांवरील जवान खलाशी जीवरक्षक होड्यांत लवकर धीर सोडीत आणि वयस्क खलाशी मात्र तग धरीत, असे लॉरेन्स होल्ट या जहाजमालकास दिसून आले. त्याने ही चिंता कुर्ट हान नामक, हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या शिक्षकापाशी बोलून दाखविली. आणि 1941 साली वेल्समधील ॲबरडोव्ही येथे 'आउटवर्ड बाउंड' ही शाळा निघाली. म्हणजे तरुणांच्या अंगी म्हाताऱ्यांची चिवटाई यावी, हा या खटाटोपाचा मूळ हेतू होता. तो समुद्र ओलांडून सिंहगडाच्या पायथ्याशी येईपर्यंत इतका उलटला होता की, येथे पंचविशीतला तरुण पन्नाशीतल्या गृहस्थांना तग कसा धरावा हे शिकवीत होता. आणि ज्यांनी गृहकर्ज, मुलांच्या प्रवेशपरीक्षा व सोसायटीची वार्षिक सभा यांतून तग धरला होता ते गृहस्थ शिटी वाजताच वर्तुळात उभे राहत होते.

पहिला प्रयोग पाठीमागे पडण्याचा. एकाने डोळे मिटून, छातीवर हात घेऊन, ताठ मागे पडावयाचे आणि इतरांनी त्यास झेलावयाचे. साहेब पडण्यास सिद्ध झाले तेव्हा त्यांना झेलण्यासाठी जी झुंबड उडाली तीत दोघांचे चष्मे पडले आणि प्रत्यक्ष झेलणाऱ्यांपेक्षा झेलण्याच्या अवस्थेत दिसू इच्छिणाऱ्यांची संख्या अधिक भरली. वेतनवाढीचा महिना जवळ आलेला होता. त्यानंतर आवक-जावक पाहणाऱ्या ताईंची पाळी आली, तेव्हा हीच गर्दी इतक्या शिस्तीने पांगली की दोन भगिनी आणि एक शिपाई एवढेच विश्वासपात्र शिल्लक राहिले. अखेरीस आमच्या वयोवृद्ध शिपाईमामांना उभे करण्यात आले. मामांनी पडण्यापूर्वी मान वळवून मागे पाहिले.

"मागे बघायचं नाही, मामा," प्रशिक्षक म्हणाला, "विश्वास ठेवायचा."

"ठेवतो की," मामा म्हणाले. "पन कुनावर ते बघून ठेवतो."

प्रशिक्षकाने शिटी वाजविली. माझ्या मते त्याने त्या क्षणी ती खाली ठेवून मामांच्या पायांशी बसावयास हवे होते. परंतु कार्यक्रमपत्रिकेत त्यासाठी वेळ राखून ठेवलेला नव्हता.

दुसरा प्रयोग दोरावरून कडा उतरण्याचा होता. कडा हा शब्द सहलीनंतर घरी सांगण्यासाठी; प्रत्यक्षात तो तीन-चार पुरुष उंचीचा एक काळा खडक होता. तथापि खालून पाहिलेला खडक आणि वरून पाहिलेला खडक या दोन निरनिराळ्या वस्तू असतात. त्यातली व्यवस्था अशी : कमरेला पट्ट्यांचे हार्नेस, डोक्यावर हेल्मेट, उतरावयाचा एक दोर, आणि पाय घसरलाच तर आवरून धरणारा दुसरा दोर. हा दुसरा दोर ज्याच्या हातांत असतो त्याने तो उतरणाऱ्याच्या गतीने सोडीत राहावयाचा आणि आवरणारा हात कोणत्याही सबबीखाली दोरावरून काढावयाचा नाही, असा कडक दंडक आहे. एरवी हे काम प्रशिक्षकाचीच माणसे करतात. पण आज, परस्परविश्वासाची कसोटी म्हणून, ते आमच्यापैकी एकाने, त्यांच्या नजरेखाली आणि त्यांचाही एक हात मागे असताना, करावे असे ठरले.

साहेब पुढे झाले. मंडळींत अशी स्तब्धता पसरली की साहेब स्वतःच खांदा दुखत असल्याचे आठवून मागे झाले. मग विक्री खात्याचा तरुण पुढे सरसावला. तो बुलेट चालवितो, पावसाळ्यात धबधब्यांखाली उभा राहतो आणि भीती हा शब्द आपल्या कोशात नाही असे दर आठवड्यास सांगतो. परंतु त्याच्या कोशात नसलेल्या शब्दांत 'तारीख', 'पत्ता' आणि 'पोच' हेही असल्याचा अनुभव प्रत्येकाच्या गाठीस होता. ताई स्वच्छ म्हणाल्या, "अण्णांनी दोर धरला तर मी उतरते. नाही तर माझा पगार कापा." आणि काय आश्चर्य सांगावे, एकामागून एक सर्वांनी तेच सांगितले.

अण्णांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. त्यांनी प्रथम नकार दिला. तो नामंजूर झाल्यावर मात्र ते कामाला लागले. खडकात बसविलेल्या खुंट्या त्यांनी हलवून पाहिल्या, गाठी उलगडून पुन्हा बांधावयास लावल्या, दोर वावभर, वावभर हातांतून काढून त्याची तपासणी केली, आणि मग विचारले, "हा खरेदी केव्हाचा? आजवर किती वापरला? कोठे नोंद?" प्रशिक्षकाच्या मुद्रेवर प्रथमच आदर दिसला. अशी नोंदवही गिर्यारोहकांनी ठेवावयाची असते, त्याने ती ठेवलेलीही होती, परंतु ती पाहावयास मागणारा मनुष्य त्यास या क्षणापर्यंत भेटलेला नव्हता. अण्णांनी वही वाचली, सवयीने शेवटच्या नोंदीखाली बारीकशी सही केली, आणि दोर हाती घेतला.

खडकाच्या काठावर पाठ करून, टाचा पोकळीत आणि समोर आकाश अशा स्थितीत उभे राहून, जन्मभर पुढे पाहून चालण्याचा जो धडा गिरविला त्याच्या नेमके उलट करावयाचे, म्हणजे मागे रेलावयाचे, आणि तेही मेंदूच्या प्रत्येक कणाचा विरोध डावलून, हे ज्याने केले नाही त्यास त्या अर्ध्या घटकेचे वर्णन करून सांगणे व्यर्थ आहे. एवढेच सांगतो की त्या वेळी मला ईश्वर आठवला नाही, दिसत होते ते फक्त अण्णांचे हात. ते थरथरत होते. आणि ते थरथरत होते म्हणूनच मी मागे रेललो. माझ्या पडण्याचे भय माझ्याहून अधिक ज्याला वाटत आहे असा एक मनुष्य दोराच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे, तेव्हा ते भय दोघांनी बाळगण्याचे कारण नाही, असा काहीसा हिशेब माझ्या मनाने परस्पर केला असावा.

साहेब उतरू लागले तेव्हा खडकावर लोंबकळत असतानाही त्यांची हुकमत सुटली नव्हती. "अण्णा, सोडा! दोर सोडा पटकन!"

"आधी पाय खडकाला टेकवा, साहेब," अण्णा म्हणाले. "मग सोडतो." आणि आमच्या कचेरीच्या इतिहासात प्रथमच साहेबांनी निमूटपणे पाय टेकवले.

सर्वजण उतरल्यावर प्रशिक्षकाने अण्णांना आग्रह केला. ते म्हणाले, "मी उतरलो तर दोर कोणी धरायचा?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. प्रशिक्षकाने आपल्या तक्त्यात अण्णांच्या नावापुढे 'भीती शिल्लक' अशी नोंद केली.

त्यानंतर आतकरवाडीच्या वाटेने आम्ही गड चढलो. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटरांवरील त्या गडाचा शेवटचा टप्पा चढताना बोलण्यास श्वास उरत नाही. तरीही तानाजी कड्यापाशी पोहोचताच, तानाजीचा दोर वर नेणारी म्हणतात ती यशवंती घोरपड खरी की खोटी यावर दोन सहकाऱ्यांचे भांडण जुंपले. शिवचरित्रकार सभासदाने 1697 साली जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जी बखर लिहिली तीत घोरपड नाही. तीत आहेत ते दोन निवडक मावळे, ज्यांना रात्री कड्यावर चढविण्यात आले, ज्यांनी वरून दोराची माळ लावली, आणि तिच्यावरून खुद्द तानाजी व सुमारे तीनशे माणूस वर गेले. गड घेतला गेला ती 4 फेब्रुवारी 1670 ची रात्र. तानाजीचे नाव आम्हां सर्वांस ठाऊक आहे. बखर लिहविणाऱ्या राजारामांची समाधीही याच गडावर आहे. कड्यावर प्रथम चढलेल्या त्या दोन मावळ्यांची नावे मात्र सभासद देत नाही. काळोखात दोन माणसांनी बांधलेल्या माळेवर तीनशे जणांनी देह टाकला, तो ते दोघे निर्भय होते म्हणून नव्हे, असे मला त्या कड्यावर उभे राहून निश्चित वाटले. शूर ते होतेच. पण गाठ बांधताना त्यांच्या पोटात धस्स झाले असले पाहिजे, आणि ती त्यांनी पुन्हा एकदा ओढून पाहिली असली पाहिजे. भीती निःशेष गेलेल्या माणसाने बांधलेल्या गाठीवरून मी तरी कोठेही चढणार नाही. पुढे तानाजीचा भाऊ सूर्याजी याने परतीचे दोर कापले असे सांगतात. तेवढा प्रयोग आमच्या कार्यक्रमात नव्हता, कारण परतीची बस पाचची होती.

देवटाक्याचे पाणी पिऊन आम्ही एका झोपडीच्या सावलीत बसलो. पिठले, भाकरी, ठेचा, कांदाभजी आणि मडक्यातले दही यांपुढे विश्वास, भीती, नेतृत्व इत्यादी विषय आपोआप बरखास्त झाले. मग हिशेब निघाला. आमच्या कचेरीत चहाच्या वर्गणीवरूनही आठवडाभर पत्रव्यवहार चालतो. प्रत्येकजण बेरीज स्वतः करतो आणि प्रत्येकाची निराळी येते. त्या दिवशी अण्णांनी माणशी आकडा सांगितला आणि सर्वांनी न बोलता पैसे काढून त्यांच्या हातात दिले. बुलेटवाल्यानेही दिले. बेरीज पुन्हा केली ती एकट्या अण्णांनी, आणि वाढणाऱ्या बाईंकडून दोन भजी-ताटल्या मोजावयाच्या राहिल्या आहेत असे त्यांच्या ध्यानी आले. ते उठून चुलीपाशी गेले, नोटा दोनदा मोजल्या आणि वाढीव रक्कम धरून बाईंच्या हाती ठेवल्या. बाईंनी त्या तशाच कनवटीला लावल्या.

अण्णांना ते पाहवेना. "अहो बाई, मोजून तरी घ्या."

"आता मी आनि कशापायी मोजू?" भाकरी उलथीत बाई म्हणाल्या. "तुमी मोजल्या न्हवं दोनदा?"